गाडीची डावी बाजू

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांना शिवकुमारचा शरणु शरणार्थी.

इकडे मी, गाडी आणि गाडीतली सगळी मंडळी खुशाल. तिकडची काळी गाय, अव्वाचा खोकला आणि तुमचे गुडघे यांची खुशाली कळवावी. हा क्रम माझा नाही. अव्वा फोनवर याच क्रमानं सांगते, आणि आईचा क्रम मी मोडत नाही.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, याचा फोन मेला का काय? फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तुम्ही तीनदा 'हाव, हाव, बरं' म्हणता आणि चौथ्यांदा अव्वाच्या हातात देऊन टाकता. पत्राचं तसं करता येत नाही. शिवाय मोठी गोष्ट कागदावर असावी, हे तुमचंच म्हणणं. तर मोठी गोष्ट आधीच सांगून टाकतो. सहा जानेवारीला, मंगळवारी, सकाळी सात वाजता मी गाडी घेऊन अहमदपूरला येतोय आणि तुम्हाला नांदेडला आणणार आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात तुमचं नाव लावलंय. आता कागद खाली ठेवू नका. का आणि कशासाठी ते सांगतो, पण सरळ सांगायला जीभ वळत नाही. वळणावळणानं येऊ द्या.

आधी गाडीचं सांगतो, कारण तीन वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाही. दसऱ्याला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात तेवढंच, की 'म्या पन्नास-पन्नास लेकरं नेली, आन ह्यो एकेक माणूस घेऊन फिरतो.' पाहुणे हसले, मीही हसलो. पण परतताना माळाकोळीपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. तेच भांडण आता नीट लिहून काढतो.

आमच्या गाडीला नांदेडात 'फळीची गाडी' म्हणतात. ती चालवणाऱ्या संस्थेच्या कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, ते कोणालाच येत नाही. मागचं दार उघडलं की लोखंडी फळी रस्त्यावर उतरते, तिच्यावरून चाकांची खुर्ची आत ढकलायची, चारी चाकं पट्ट्यांनी जमिनीला बांधायची आणि मग निघायचं. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, एकट्यानं रिक्षात चढता येत नाही, ते आदल्या दिवशी फोन करून वेळ सांगतात. दिवसाला आठ-नऊ फेऱ्या होतात. कोणाला दवाखाना, कोणाला कचेरी, कोणाला नुसतंच मोंढ्यात जाऊन भाजी स्वतः निवडायची असते.

एकेक माणूस न्यायला काय अक्कल लागते, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी लुंबिनी मॅडमना आणायला गेलो. या भाग्यनगरला क्लासमध्ये गणित शिकवतात, खुर्चीवर असतात. मी मोठ्या उत्साहानं मागून गेलो, खुर्ची धरली आणि भराभरा फळीवर चढवली. उतरताना त्या म्हणाल्या, "मी सिलिंडर नाही. हात लावायच्या आधी विचारायचं." त्या दिवसापासून आमच्या धंद्याचा पहिला नियम मला पाठ झाला. आधी विचारायचं, मग हात लावायचा. समोरचा 'नको' म्हणाला तर हात मागे बांधून उभं राहायचं, त्याला दहा मिनिटं लागली तरी. अप्पा, पन्नास लेकरांच्या बसमध्ये हा नियम पाळून दाखवा, मग बोलू.

दुसऱ्या आमच्या साखराबाई. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली आहे, आठवड्यातून दोनदा व्यायामाला नेतो. त्या काच खाली करून बसतात आणि दिसेल त्याला चांगल्या हातानं हात करतात. पहिल्या महिन्यात लोक बावरून बघायचे. आता गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरचे दुकानदार आमची गाडी दिसली की स्वतःहून हात करतात. परवा एका ट्रॅफिक हवालदारानं केला. साखराबाई म्हणाल्या, ह्याचं लग्न जमलं बघ, चेहऱ्यावर दिसतंय. गाडीत असं सगळं चालू असतं. दुःखाची गाडी असेल असं तुम्हाला वाटतं म्हणून सांगितलं.

आणि तिसरे पंढरी. त्यांना तुम्ही ओळखताच. गेल्या आठवड्यात येळवसला मी आपल्या शेतात घेऊन आलो होतो ते. मूळचे उमरीकडचे, जन्मापासून दिसत नाही, एका कचेरीत टेलिफोन सांभाळतात. मला म्हणाले होते, लातूरकडच्या येळवसबद्दल, अमावशेला शेतात जेवायच्या त्या सणाबद्दल निस्तं ऐकून हाय, एकदा ने. मला जरा धाकधूक होती, की तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही उलट त्यांना कडब्याच्या कोपीत स्वतःजवळ बसवलंत, उंडे वाढलेत, भज्जी वाढलीत, आणि दोघं मिळून तासभर गिअरबॉक्सवर बोललात. पंढरींनी पाच ग्लास आंबील प्यायली आणि तिथंच डुलकी काढली. मला इतका आनंद झाला होता, अप्पा. वाटलं, आता माझ्या कामाचं तुम्हाला कळलं.

मग आपण निघालो. पुढं तुम्ही स्कुटीवर, मागे अव्वा, तिच्या मांडीवर आंबिलीचं रिकामं बिंदगं. तुमच्या मागे मी आणि पंढरी गाडीत. डावीकडच्या पांदीतून ती बैलगाडी आली, आठवते ना? तुम्ही वेग कमी केला नाही, मान वळवली नाही, हॉर्न दिला नाही. गाडीवानानं कासरा खेचला म्हणून. बैलाचं शिंग अव्वाच्या पदरापासून वीतभर लांबून गेलं. अव्वानं त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या आणि तुम्ही म्हणालात, लोकायला गाड्या हाकता येत न्हाईत. अव्वा, त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

मी गाडीत जोरात ब्रेक मारला होता. पंढरींनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, "शिवा, तुझ्या अप्पाला डावीकडचं दिसत न्हाई. मला वाटलं तुला ठावं असंल."

मी म्हणालो, काहीतरीच काय. त्यांनी तीस वर्षं गाडी चालवली आहे.

त्यांनी मग एकेक सांगितलं. शेतात पाहुणे आले तेव्हा तुम्ही 'या या, किती दिवसांनी' म्हणालात आणि थांबलात, समोरचा बोलेपर्यंत नाव घेतलं नाही. कोपीत बसताना मेढीचा खांब डाव्या हाताला येईल अशी जागा धरलीत, म्हणजे त्या बाजूनं कोणी येणार नाही. पण त्यांची खात्री झाली ती आंबिलीवरून. ते म्हणाले, "ग्लास मी धरला व्हता. ओतताना अप्पाचं बोट ग्लासात व्हतं, किती भरला ते कळाया. ती युक्ती आमच्यातली हाय, डोळसाची न्हाई."

रोज आंधळ्या माणसांना हाताला धरून नेतो मी. ते पायरीवर पाय कसा टाकतात, खिशातून वस्तू कशी काढतात, सगळं मला झोपेतही कळतं. आणि माझ्या बापाचं मला कळलं नाही.

कळलं नाही म्हणजे, खरं सांगायचं तर, मी कळू दिलं नाही. गेल्या दिवाळीला तुम्ही पाठवलेल्या पोस्टकार्डावर दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. तुम्ही आयुष्यात कधी काही घाईत केलेलं नाही.

अव्वा, हे पत्र तू मोठ्यानं वाचून राहिलीस हे मला माहीत आहे. सुरुवातीला 'कागद खाली ठेवू नका' असं अप्पांना लिहिलं, ते त्यांचा मान राखायला. आता तो आडपडदा नको. ते ओसरीवर बसलेत, तू उंबऱ्यात. पाणी पी, खोकला आला असेल. पुढचं वाचताना तुला माझा राग येईल, तरी वाच. एक ओळही गाळू नको.

अप्पा, मी सातवीत होतो. तुम्ही गावातल्या शिक्षण संस्थेच्या शाळेची बस चालवत होता आणि वर्षातून एकदा सगळ्या ड्रायव्हरांना डोळे तपासायला लातूरला नेत. त्या वर्षी तुम्ही मलाही सोबत नेलंत, माझं डोकं दुखतं म्हणून. दवाखान्याच्या बाहेर रसवंतीवर बसून तुम्ही मला म्हणालात, आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, तेवढा वहीत उतरवून आण. मी विचारलं कशाला. तुम्ही म्हणालात, बारीक अक्षरं जरा पुसट दिसतात, आणि चष्मा लागलेला ड्रायव्हर म्हणजे संपलेला ड्रायव्हर. मी आत जाऊन बाकावर बसलो आणि वहीच्या शेवटच्या पानावर सगळा तक्ता उतरवला. मग रोज संध्याकाळी ओसरीवर तुम्ही डोळे मिटून म्हणायचा आणि मी वही बघून चुका काढायचो. र. ग न. प ट म. च ळ द ब. दरवर्षी तुम्ही बिनचष्म्याचे पास व्हायचा, आणि दरवर्षी मला भेळ मिळायची. वर्गात सगळ्यांच्या बापांनी पोरांना पाढे शिकवले होते. मी माझ्या बापाला शिकवलं याचा मला केवढा अभिमान होता.

आणि अव्वा, तू एकदा विचारलंस, हे डोळे मिटून काय पुटपुटता? अप्पांनी सांगितलं, स्वामींनी मंत्र दिलाय, कोणाला सांगायचा नाही. तू न सांगता शिकलीस. अजूनही इष्टलिंगाच्या पूजेला बसलीस की शेवटी म्हणतेस ना, 'पटम चळदब'? तो कुठल्याही मठातला नाही. लातूरच्या दवाखान्यातला आहे. वीस वर्षं मला हे सांगायचं होतं, पण तुझा चेहरा इतका शांत असायचा की धाडस झालं नाही. यातलं हसू असेल तेवढं आत्ता हसून घे.

कारण पुढचं हसण्यासारखं नाही. येळवसनंतर दोन दिवसांनी साखराबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी तुमचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, न तपासता सांगता येत नाही, पण बाजूचं दिसणं हळूहळू जात असेल तर काचबिंदू असू शकतो. तो दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप खात जातो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी टिकवता येते, पण त्याला उशीर करून चालत नाही. मग त्यांनी विचारलं, ड्रायव्हर होते म्हणता, मग दरवर्षी तपासणी होत असेल ना? कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवायचा आणि पुढची तपासणी कोणी करायचंच नाही. तुम्हाला ते पाठ होतं, कारण मी उतरवून आणलं होतं. एखाद्या वर्षी तुम्ही अडखळला असता तर कोणीतरी डोळ्यांत नीट बघितलं असतं. अप्पा, तुमची डावी बाजू मी घालवली. हे लिहायला आठ दिवस लागले. म्हणून आधी सिलिंडर आणि हवालदार सांगत बसलो.

अजून एक. मला चष्मा आहे. दोन वर्षं झाली. आमच्याकडे सहा महिन्यांनी तपासणी होते आणि तिथं मी तक्ता बघून वाचतो. अहमदपूरला येताना वाटेतलं लोहा गाव मागे पडलं की चष्मा काढून समोरच्या कप्प्यात ठेवतो आणि डोळे बारीक करून गाडी चालवतो, का तर तुम्ही 'संपला' म्हणाल. गाडीत पंढरी असतानाही तेच केलं. चौतिशीला आलेला माणूस बापाच्या भीतीनं आंधळ्या प्रवाशाला धोक्यात घालतो, यावरून कोणाचा मुलगा आहे ते कळतं.

आता हात लावायच्या आधी विचारतो, नियमाप्रमाणे. मंगळवारी याल का? मी तुम्हाला उचलून नेऊ शकतो, पट्टे माझ्याकडे आहेत. पण तुम्ही 'नको' म्हणालात तर मी दारात हात मागे बांधून उभा राहीन. मात्र उभा राहीन, निघून जाणार नाही. आणि तोवर स्कुटीची चावी अव्वाला द्या. एवढं एक न विचारता सांगतोय.

माफ करा असं लिहिणार होतो. पण माफी समोर उभं राहून मागायची असते, आणि तेव्हा तुम्हाला मी समोर दिसायला हवा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारा,
तुम्हाला चुकीचं पाठ करून देणारा,
शिवकुमार



अहमदपूर,
१ जानेवारी

चिरंजीव शिवकुमारला अप्पाचे आशीर्वाद.

लिहिणारी तुझी अव्वा हाय, बोलणारा मी. म्या म्हणल तेवढंच लिही, मधी तोंड घालू नको, असं तिला बजावलंय. (तेवढंच लिहून राहिले. – अव्वा)

पत्र सोमवारी आलं. हिनं वाचलं. मंत्रापाशी आली आन उठून आत गेली. मला वाटलं, रडाया गेली. कान देऊन ऐकलं तर आत हसून राहिली होती. मग बाहेर येऊन चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. (दोनच दिवस. आणि मंत्र मी सोडणार नाही. वीस वर्षं म्हणलेला आहे, आता तो माझा झाला. – अव्वा)

पंढरी मोठा हुशार माणूस हाय. आंबील ओततानाच मला शंका आली होती की ह्यानं धरलं आपल्याला. माणूस बोलला न्हाई. चारचौघांत लाज राखली. त्याला माझा नमस्कार सांग.

आता माझं ऐक. तुला वाटतं म्या शाळेच्या सेक्रेटरीसंगं भांडून दोन वर्षं आधी नोकरी सोडली. गावाला बी तेच ठावं हाय. हिला बी. भांडण झालंच न्हाई.

आठ वर्षं झाली. जुलै महिना होता. सकाळची फेरी, शेवटचा थांबा. लेकरं चढली, म्या गाडी काढली. पुढच्या डाव्या चाकापाशी एक पोरगी खाली वाकून चप्पल हुडकून राहिली होती. मला दिसली न्हाई. तिच्या मायनं पत्र्यावर हात बडवला म्हणून थांबलो. काही झालं न्हाई. पोरगी चप्पल घालून वर आली, मला 'गुड मॉर्निंग काका' म्हणली आन जागेवर जाऊन बसली. म्या शाळेत लेकरं उतरवली, चावी हापिसात टेबलावर ठेवली आन पायी घरी आलो. त्या दिवसापासून मोठ्या गाडीला हात लावला न्हाई.

(हे मला आज कळलं. लिहिताना हात थांबला म्हणून इथं शाई पसरली. – अव्वा)

मग दवाखान्यात का गेलो न्हाई, असं तू विचारशील. डॉक्टर पहिलं काय इचारतो? कवापासून. मग मला मोजावं लागलं असतं. किती वर्षं, किती फेऱ्या, किती लेकरं. ते मोजायचं भ्या वाटत होतं, डोळ्याचं न्हाई. रोज सकाळी शाळेच्या बसचा हॉर्न वाजला की ती पोरगी आठवते. आता कालेजात असंल.

तू लिहिलंस, माझी डावी बाजू तू घालवली. तक्ता तू उतरवलास खरा. पण म्हणला म्या. बारा वर्षाच्या लेकराला बापानं सांगितलं, लेकरानं केलं. पुढं तेरा वर्षं डॉक्टरपुढं उभा राहून खोटं म्या बोललो, धडधाकट माणूस. त्यात तुझा वाटा न्हाई. अव्वाला सांगितलंय हे दोनदा लिही. त्यात तुझा वाटा न्हाई.

स्कुटीचं म्हणशील तर, मोठी गाडी सोडली पण वाटलं, स्कुटीला काय होतंय. दोनच तर माणसं असतात. (त्यातलं एक मी. – अव्वा) चावी तिला देऊन टाकली. तिनं डाळीच्या डब्यात ठेवली, आवाज आला मला. (आता तिथं नाही. – अव्वा)

दसऱ्याला पाहुण्यांत बोललो ते चुकलं. पन्नास लेकरं नेताना म्या कोणाला काही इचारलं न्हाई. तू एकेकाला इचारून नेतोस, हे मला जमलं नसतं.

तू इचारलंस म्हणून सांगतो. येतो मंगळवारी. सकाळी सातला तयार असतो. फळीवरून चढणार न्हाई, पाय हायत मला. पुढच्या सीटवर बसीन, तुझ्या डाव्या हाताला. तुझी अव्वा मागं बसंल, तिच्यासंगं भाकरी आन शेंगदाण्याची चटणी असंल. साखराबाईला बी घे म्हणती, तिच्यासंगं हिला बी हात करायचाय लोकायला. चष्मा लावून ये. लोह्याला काढू नको, घरापर्यंत लावून ये. म्या दारात उभा असीन, किती दिसतं तेवढं तुझं तोंड बघतो.

डॉक्टरला जे हाय ते सांगीन. कवापासून ते बी सांगीन. तू खोलीत थांबायचं. म्या अडखळलो तर मधी बोलायचं न्हाई, यावेळी काही सांगायचं न्हाई, मला माझं मला म्हणू दे. हात तेवढा खांद्यावर ठेव.

गाडी मोठी असली की तिची डावी बाजू क्लीनरची असते. ड्रायव्हर कितीबी पट्टीचा असो, डावीकडून क्लीनर 'येऊ द्या' म्हणला तरच गाडी हालवायची. संस्थेनं मला कधी क्लीनर दिला न्हाई, आन म्या बी मागितला न्हाई. मागायला पाहिजे होता. आता मागतो.

डावीकडून तू 'येऊ द्या' म्हण, म्या पाऊल टाकतो.

तुझा अप्पा,
गुरुपादप्पा